ड्रिल सोडून काहीही

कामाचं स्वरूप

सुनिल रामटेके घुग्घुसजवळच्या कोळसा खाणीत ड्रिल मशीन चालवतो. सोप्या भाषेत सांगायचं तर दगडाला भोकं पाडतो. मांडीएवढी रुंद आणि दोन मजली घराएवढी खोल. अशी ओळीनं भोकं पाडून झाली की तो मशीन बाजूला घेतो. मग दुसरी माणसं येऊन त्या भोकांत दारू भरतात, भोंगा वाजतो, सगळे लांब जाऊन उभे राहतात आणि कोट्यवधी वर्षं कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला दगड एका क्षणात खाली बसतो. त्यानंतर गावभर भांडी हलतात आणि बायका म्हणतात, आज कामावर होते वाटते सुनिलभाऊ.

अशा या माणसाच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेला एक भोक पडलं होतं. ते त्यानं स्वतः पाडलेलं नसल्यामुळे त्याला ते मान्य नव्हतं.

भोकाची त्याला भीती नव्हती. ते भोक साफ करायला डॉक्टर जे यंत्र वापरतात, त्याची होती. इतरांची भीती अज्ञानातून येते. सुनिलची पूर्ण अनुभवातून आली होती. ड्रिल आपणहून थांबत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ड्रिल थांबतं ते ऑपरेटरला डबा खायचा असतो म्हणून.

शिवाय जेवताना घरी खाणीच्या गोष्टी सांगायची त्याला हौस. आधी होल मारायचा, मग भरायचा, मग उडवायचा. त्याची मुलगी करिश्मा, इयत्ता दुसरी, या गोष्टी तोंडातला घास विसरून ऐकायची. दंतवैद्यकाबद्दल तिचं सगळं शिक्षण असं घरच्या घरीच झालं.


आ

शाळेत दात तपासायला डॉक्टर आले. सगळ्या पोरांनी आ केला म्हणून करिश्मानंही केला. खालची दुधाची दाढ किडली आहे, दवाखान्यात न्या, असा निरोप घरी आला.

चंद्रपूरच्या डॉक्टर दीपिका यांच्या दवाखान्यात मात्र करिश्माच्या तोंडाचं शटर बंद होतं. खुर्चीवर बसली, दिवा पाहिला, ट्रे पाहिला, आणि ओठ आत ओढून घेतले.

"मी फक्त बघणार आहे बाळा. कीड असेल तर काढू आणि भरून टाकू, झालं."

"भरल्यावर भोंगा केव्हा वाजते?" करिश्मानं दातांच्या फटीतून विचारलं.

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईनं, म्हणजे रिनानं, बापाकडे पाहिलं. बाप भिंतीवरच्या दातांच्या चित्राचा सखोल अभ्यास करत होता.

"भोंगा नसतो इथे."

"पप्पा पहिले," करिश्मा म्हणाली.

"बरं, पप्पा पहिले. काय हो, तुम्हाला काही त्रास?"

"नाई जी."

"नाई कायले म्हनता?" रिना म्हणाली. "मॅडम, रोज लवंग धरतेत दाढेत. उशीले लवंगीचा वास येते. मसालेभाताच्या गंजाजवळ झोपल्यासारखं वाटते मले."

"मॅडम," सुनिलनं आवाज खाली आणला, "ड्रिलशिवाय नाई होत का?"

हा प्रश्न डॉक्टर दीपिका रोज ऐकत असाव्यात. त्यांनी हातमोजे काढून ठेवले आणि न चिडता सांगितलं. पोरीला ड्रिल बहुधा लागणारच नाही. मऊ झालेली कीड हातानं खरवडायची आणि एक औषध ब्रशनं लावायचं. कीड तिथल्या तिथे थांबते. मात्र तेवढा भाग कायमचा काळा पडतो. दाढ दुधाचीच आहे, पुढे पडणार आहे, त्यामुळे बिघडत काही नाही. मोठ्यांसाठीही वेगळे मार्ग असतात. पपईतल्या एका घटकापासून केलेलं औषध मिळतं. ते लावून सडलेला भाग मऊ करायचा आणि बारीक चमच्यासारख्या हत्यारानं काढायचा. नागपूरकडे लेझरवालेही आहेत.

"पण हे सगळं कीड वरवर असेल तर," त्या म्हणाल्या. "मुळातल्या नसेपर्यंत गेली असेल, तर पपई काय आणि लेझर काय. तुमची दाढ आधी बघू द्या."

"येतो ना मी. शिफ्ट बदलली का येतो."

"आणि हिचं टाळू नका. ही दाढ पडायला अजून वर्षं आहेत. खालून येणाऱ्या नव्या दाढेची जागा हीच धरून बसलीय. आत पू झाला तर ही दाढ उपटावी लागेल, मग पुढचे सगळे दात वाट्टेल तिकडे सरकतील. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत या."

"पप्पाचं झालं का मंग माझं," करिश्मानं करार वाचून दाखवावा तसं सांगितलं आणि खुर्चीवरून उतरली.

म्हणजे आता पोरीच्या दाढेचं भवितव्य सुनिलच्या हिमतीवर अवलंबून होतं. दुसऱ्या कुणाच्या हिमतीवर असतं तर बरं झालं असतं.


काळा दात, एक चर्चा

"काळा?" सुनिलची आई, रुखमाबाई, ओरडली. "पोरीची जात अन काळा दात? लोक काय म्हनतीन?"

रुखमाबाईचे स्वतःचे सगळे दात वर्षानुवर्षं गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, घासून काळे झालेले होते. ते तिनं हे वाक्य बोलताना पूर्णपणे दाखवले.

"हेच म्हनून राह्यलो मी," सुनिल म्हणाला. त्याला आईचा एवढा आधार लग्नाच्या वेळीसुद्धा वाटला नव्हता. "घाई नाई करायची. दुसरं काही निघते का पाहू."


सूचना

(खाणीतल्या नव्हेत, घरातल्या. लिहिलेल्या नव्हत्या, पण पाठ होत्या.)

सुनिलची दाढ चालू असताना त्याच्यासमोर कुणी फ्रीजचं पाणी पिऊ नये. तो भिंतीकडे तोंड करून उभा असेल तर काय झालं म्हणून विचारू नये, कारण काही झालेलं नसतं. भाकरीचा कडक पापुद्रा त्याच्या ताटात वाढू नये आणि वाढला नाही हे बोलून दाखवू नये. तो डाव्या बाजूनं, मान वाकडी करून जेवतो, त्यावर हसू नये. करिश्मा हसली तर चालेल. "दाढ" हा शब्द पाहुण्यांसमोर काढू नये. लवंगा संपल्या तर आणाव्यात.


ठेला

पहिली शिफ्ट सुटल्यावर झाडू नावाच्या माणसाच्या पानठेल्यावर. झाडू खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून दोरीवर घासायचं काम. मिथुन, जो खाणीत डंपर चालवतो, मोटारसायकलवर बसून वाट पाहत होता.

"काऊन बे सुनिल, गाल काऊन धरला?" मिथुन म्हणाला.

"माशी बसलती."

"दोन दिवसापासून तेच माशी हाय का?"

"दाढ हाय त्याची," झाडू मान वर न करता म्हणाला. "मले इचार. याची सुपारी मी आता बारीक घोटून राह्यलो. लेकराचं वरन-भात करावं तशी."

"मंग भरून टाक ना बे."

"भरायच्या आधी ड्रिल मारतेत."

मिथुन त्याच्याकडे बघतच राहिला. "तू काय काम करतं बे?"

"ते दगडाले मारतो मी."

"दगडानं कधी म्हटलं का, नको मारू म्हनून?"

"म्हनूनच त मारतो."

यावर झाडूनं पुडी बांधली, दाढेसाठी खास अशी, आणि सुनिलनं ती तोंडात टाकली. ज्या गोष्टीनं दाढ गेली तीच गोष्ट तो दाढेवर औषध म्हणून धरत होता. थोड्या वेळानं गाल बधिर झाला. त्याला बरं वाटलं.

"पाह्य," मिथुन म्हणाला, "मार्कंड्याच्या जत्रेत एक बुढा बसते. लटारू. धूर देते अन किडा सरळ बाहेर. ड्रिल नाई, सुई नाई, काईच नाई."

"किडा?"

"मंग दाढ का वाऱ्यानं किडते?"


मार्कंडा

सुनिलच्या घरात देवदेव नाही. भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत. त्यामुळे तो जत्रेला निघाला तेव्हा रुखमाबाई दारात आडवी उभी राहिली.

"जत्रेले कायले?"

"देवासाठी नाई माय. दाढेसाठी."

"शिकाले सांगितलं होतं बाबासाहेबानं. धूर घ्याले नाई."

पण सुनिल गेला. सोबत करिश्माला नेलं. तिलाही बिनड्रिलचा मार्ग दिसावा, हा शैक्षणिक हेतू.

वैनगंगेच्या वाळूत, पाळणे आणि रेवड्यांच्या दुकानांपलीकडे लटारू बसला होता. समोर निखारे, पाण्याचं पसरट भांडं, आणि एका बाजूनं फुटलेलं मडकं. त्यानं सुनिलच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारला.

"किती किडे हायेत?" सुनिलनं विचारलं.

"किडे?" लटारू म्हणाला. "अख्खं खानदान हाय. लेकी-जावई समद्याईसंगट."

त्यानं निखाऱ्यावर तुपात भिजवलेलं कसलं तरी बी टाकलं, वर मडकं झाकलं, सुनिलचं तोंड मडक्याच्या फुटक्या बाजूला लावलं आणि डोक्यावर घोंगडं टाकलं. घोंगड्यातून खोकण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग शिंकण्याचा. मग ओरडण्याचा. बाहेर करिश्मा रेवडी खात शांतपणे बघत होती. तिनं एकदाच रेवडी तोंडातून काढून हातात धरली आणि पुन्हा दुसऱ्या बाजूनं खायला लागली.

"थुक आता पान्यात."

सुनिल थुंकला. पाण्यावर खरोखरच बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत होते. त्यानं ते बघितले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आधीच आलेलं होतं त्यात हे मिसळलं. आजवर आपल्याला कुणी समजून घेतलं नाही, असं त्याला वाटलं.

किडे त्यानं खर्ऱ्याच्या पन्नीत बांधून घेतले. पुरावा.

चामोर्शी येईपर्यंत दाढ एकदम गप्प होती. मूल गावात चहा घेतला तेव्हा तिनं कुरकुर केली. चंद्रपूरच्या बसस्टँडवर


(इथे थोडा वेळ काही सांगण्यासारखं नाही. सुनिल खांबाला धरून उभा होता.)


साखर

करिश्मानं एक किडा वाटीत घेतला आणि त्याच्यापुढे साखरेचा दाणा ठेवला. रात्र गेली. सकाळी ती वाटी घेऊन बापाकडे आली.

"पप्पा, मॅडम म्हनल्या शाळेत, साखर खाल्ल्यानं दात किडते. तुमचा किडा साखर खात नाई."

"लाजला असन."

रुखमाबाईनं वाटी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि परत दिली. "रिंगनीच्या झुडपाचं बी हाय हे. भाजलं का आतला कोंब असाच वाकडा निघते. किडा म्हने."

"मंग मले आराम कसा पडला?"

"खोकून खोकून दाढेची आठोनच राह्यली नाई तुले."

खाणीत मात्र पुरावा चालला. सुनिलनं पन्नी सगळ्यांना दाखवली. मिथुननं फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली दाढ दुखणाऱ्या बऱ्याच माणसांनी लटारूचा नंबर मागितला.


पपई

डॉक्टर दीपिका एवढं बोलल्या होत्या, त्यातलं सुनिलच्या डोक्यात काय उरलं? पपई.

विचार करायला त्याला फार वेळ लागला नाही. शेजारच्या श्रावणकाकांच्या अंगणात पपईचं झाड होतं. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक येतो. याच चिकानं मटण लवकर शिजतं, हे घुग्घुसात कुणाला शिकवावं लागत नाही. मटण मऊ होतं तर कीड का होणार नाही? डॉक्टर लोक हेच बाटलीत भरतात आणि इंग्रजी नाव देतात.

त्यानं चीर दिली. कापसाचा बोळा भिजवला. दाढेत बसवला. वरून बोटानं दाबला, कारण खाणीत शिकला होता की भरताना नीट दाबलं नाही तर काम वाया जातं.

पुढचं रिनानं सांगितलेलं बरं, कारण सुनिल त्यानंतर बोलू शकत नव्हता. "ओठ असा झाला," ती हातानं दाखवायची, "वडापाव. जीभ लालभडक. श्रावणकाका म्हनाले, सुनिल, मागतली असती त पिकलेली देली असती."

डॉक्टरांना फोन रिनानंच लावला. स्पीकर सुरू केला. सुनिलनं वडापावातून आवाज काढला, "तुमीच म्हनल्या पपई."

"मी औषध म्हटलं, सुनिलभाऊ. पपईतला एक घटक, मापून, शुद्ध करून. चंद्रपूरची वीज कोळशातून येते ना?"

"हो जी."

"तुम्ही बल्बमध्ये कोळसा भरता का?"

सुनिलनं फोन कापला. ओठाची सूज उतरेपर्यंत तो तोंडाला दुपट्टा बांधून कामावर गेला. धुळीमुळे तिथं सगळेच बांधतात, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मिथुन सोडून. झाडू सोडून. ग्रुपवरच्या लोकांना सोडून.


बापावर गेली

उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुनिलच्या दृष्टीनं एक चांगली गोष्ट घडली होती: करिश्माची दाढ आपोआप बरी झाली होती.

तिला विचारलं, "दुखते का बाळा?" की ती म्हणे, "नाई."

सकाळी विचारलं तरी नाई. जेवताना विचारलं तरी नाई. सुनिल जिंकल्यासारखा रिनाकडे बघे.

"मॅडमले दाखवून आनू एकदा," रिना म्हणे.

"दुखतच नाई त दाखवायचं काय? लवंगीचं पानी देत होतो मी तिले. थेच लागू पडलं."

आणि पोरगी किती बापावर गेली होती! जेवताना मान डावीकडे वाकडी करायची, हुबेहूब सुनिलसारखी, आणि एकाच बाजूनं चावायची. भाकरीचा कडक पापुद्रा हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवायची. रुखमाबाई हसून हसून पदर तोंडाला लावायची. "पाहा ना नक्कल, पाहा ना! बापाची सावलीच." सुनिलनं तिचा जेवतानाचा व्हिडिओ काढला आणि ठेल्यावर दाखवला. झाडू म्हणाला, तुह्यापेक्षा बरी अॅक्टिंग हाय, हिले झाडीपट्टीच्या नाटकात घाल, वडसाले नाटक कंपनीत पाठव. सुनिलची छाती फुगली. घरात आपल्यासारखं कुणीतरी आहे, याचं सुख त्याला त्या व्हिडिओनं दिलं.

मग एका दुपारी तो सुट्टीवर होता. रिना दुकानात गेली होती, रुखमाबाई आत लवंडली होती. श्रावणकाकांनी करिश्माला शेंगदाण्याची चिक्की दिली. ती घेऊन पोरगी मागच्या अंगणात गेली. सुनिल बादली आणायला मागं गेला आणि थांबला.

करिश्मा पाण्याच्या टाकीच्या आड बसली होती. चिक्की मातीत पडलेली. तिनं अंगठा जबड्याच्या खाली, कानाजवळच्या खोबणीत रुतवला होता, डोळे घट्ट मिटले होते, आणि टाच जमिनीवर आपटत होती. टक, टक, टक. तोंडानं आवाज नाही.

सुनिलला ते ओळखीचं होतं. अंगठा तिथंच, त्याच खोबणीत दाबला की कळ जराशी अडते. टाच आपटली की मोजायला काहीतरी मिळतं. हे त्याला स्वतःला शोधून काढावं लागलं होतं. आणि हे तो फक्त एका ठिकाणी करायचा: ड्रिल मशीनच्या केबिनमध्ये, काच वर करून, मशीन चालू ठेवून, जिथं कुणी बघत नाही आणि काही ऐकू येत नाही. घरी कधीच नाही. करिश्मानं ते पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

म्हणजे नक्कल नव्हती.

बादली त्याच्या हातातच राहिली. मानेचं वाकडं होणं, पापुद्रा, एका बाजूचं चावणं, व्हिडिओ, ठेल्यावरचं हसणं, सगळं एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोर आलं. त्यानं तो व्हिडिओ किती जणांना दाखवला होता.

"करिश्मा."

तिनं लगेच हात खाली घेतला. चेहरा कोरा केला. तेही तिला सुंदर जमत होतं.

"दुखते का?"

"नाई."

"खरं सांग बाळा. मी रागवत नाई."

"नाई दुखत पप्पा."

तो तिच्याजवळ मातीत बसला. चिक्कीला मुंग्या लागायला लागल्या होत्या. दोघंही मुंग्यांकडे बघत होते.

"केव्हापासून?"

 मग ती मुंग्यांनाच सांगितल्यासारखं म्हणाली, "दुखते म्हटलं त तुमाले खुर्चीवर बसा लागन ना. पहिले तुमी, मंग मी."

 


खुर्ची

दुसऱ्याच दिवशी तिघं चंद्रपूरला गेले. रिनानं वाटेत एकही टोमणा मारला नाही, ही शिक्षा सुनिलला सगळ्यांत कठीण गेली.

"पहिले मी," तो दवाखान्यात शिरताच म्हणाला आणि खुर्चीवर बसला. डॉक्टरांनी आरसा आत घातला. एक्स-रे काढला.  

"सुनिलभाऊ, सुरुवातीला आला असता तर कदाचित त्या पपईच्या औषधावर भागलं असतं. खरंच. आता कीड नसेपर्यंत गेलीय. दाढ वाचेल, पण आत ड्रिल करून नस काढावी लागेल. दोन-तीन खेपा होतील. ड्रिल सोडून बाकी सगळं तुम्ही करून झालंय."

सुनिलच्या कपाळावर घाम आला. तो पुसायला उचललेला हात त्यानं ट्रे दिसताच तसाच खाली घेतला. त्यानं तो मांडीखाली दाबला.

करिश्मानं ते पाहिलं.

"पहिले माझं करा," ती म्हणाली.

"अगं, आपला करार..." डॉक्टर म्हणाल्या.

"पप्पा, उतरा."

ती चढून बसली आणि तिनं आ केला. एवढा मोठा, की डॉक्टर म्हणाल्या, थोडा कमी चालेल. त्यांनी चार बाजूंनी पाहिलं, फुंकर मारून पाहिलं, दाबून पाहिलं. रात्री दुखून उठते का, सूज, ताप? रिना नाही म्हणाली. एक्स-रेही बघून झाला. "खोल आहे. पण नस शाबूत दिसते. घास अडकतो म्हणून कळ येते. अजून थोडे दिवस थांबला असतात तर मी हे म्हणाले नसते." हे त्या करिश्माकडे बघून बोलल्या, ऐकलं मात्र दुसऱ्याच कुणीतरी.

मग त्यांनी बारीक चमच्यासारखं एक हत्यार घेतलं आणि कीड हलकेच खरवडली. कापसानं कोरडं केलं. लहानशा ब्रशनं दाढेवर थेंबभर औषध लावलं आणि थांबल्या. चव कडू होती, पोरीनं तोंड वाकडं केलं. एवढंच. सगळ्या प्रकरणात पंख्याचा आवाज काय तो मोठा होता.

"झालं?" करिश्मानं विचारलं.

"झालं. एक-दोन दिवसांत काळी पडेल. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा लावू."

याचसाठी घरात चार महिने चर्चा झाली होती. एका थेंबासाठी.

करिश्मा खाली उतरली, बापाचा हात धरला आणि हळू आवाजात, गुपित सांगितल्यासारखं म्हणाली, "चला आता घरी. माझं झालं. तुमाले बसाची गरज नाई."

ते खरंच होतं. करार संपला होता. रिना पर्स आवरत होती. दार उघडंच होतं आणि दारातून रस्ता, रिक्षा, सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला हाक मारायला मान वळवली होती. सुनिलनं आयुष्यात इतकी सोपी सुटका पाहिली नव्हती.

जाता जाता डॉक्टरांनी विचारायचं म्हणून विचारलं, "दुखतंय का फार?"

"नाई," हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत सवयीनं आला. खाली पोरगी त्याच्याकडे बघत होती. आता पप्पा काय म्हणतात ते ऐकायला नव्हे, ते तिला माहीतच होतं. ती त्याच्यासोबत तेच म्हणायला तयार होती.

"हो जी," सुनिल म्हणाला. "लय दुखते. वर्ष झालं. रडू येते मले, मशीनवर बसून."

रिनानं पर्स खाली ठेवली. करिश्माचं तोंड उघडंच राहिलं.

तो खुर्चीवर बसला. सुई टोचली तेव्हा त्याचे दोन्ही पाय उचलले गेले. मग अर्धा जबडा कुणाचा तरी वेगळाच झाला. मग तो आवाज आला, आणि सुनिलला आधी कळलंच नाही की तोच तो आवाज आहे, कारण तो कानाजवळच्या डासाएवढा होता. भोकावर पाण्याची बारीक धार पडत होती. हे त्याच्या ओळखीचं काम होतं. धूळ बसवायला, ड्रिलचं टोक, म्हणजे बिट, तापू नये म्हणून. त्याला विचारायचं होतं, बिट कशाचं आहे, फिरतं किती. तोंडात नळी, कापूस आणि दोन हात असल्यामुळे त्याचे प्रश्न डॉक्टरांना वेदना वाटले आणि त्या दोनदा थांबल्या.


बाकावर

बाहेर येऊन तो बाकावर बसला. गाल लोंबत होता, ओठाच्या कडेनं लाळ येत होती. शेजारी सिमेंट कारखान्यातला एक धिप्पाड माणूस आपली पाळी यायची वाट बघत होता, हाताची मूठ गालाला लावून.

"झालं का गा?" त्यानं विचारलं. "दुखते का?"

"आं," सुनिल म्हणाला.

"काय म्हनतेत?"

"दुखते म्हनतेत," करिश्मा म्हणाली. "सुई टोचतानी दुखते. मंग नाई."

माणसानं आतल्या दाराकडे पाहिलं. आतून डासाचा आवाज येत होता. तो उठला, खिशात हात घालून चावी चाचपली आणि रिनाला म्हणाला, "मी येतो जरा. गाडी उन्हात हाय."

सुनिलनं काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला. तोंडातून नुसता फेस आला. त्यानं त्या माणसाची बाही धरली. माणूस गोंधळला, बाही सोडवेना, आणि लाळ गळणाऱ्या माणसाशी भांडताही येईना.

करिश्मा बाकावरून उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काका," तिनं विचारलं, "तुमाले पोरगी हाय का?"

"हाय. काऊन?"

"मंग तिले घेऊन या."